रेल पास न मिळणाऱ्यांचं जपान: शनिवार-रविवारच्या शहरफेऱ्या

मुठाकाठ
रविवार, रात्री ९:५०

गेल्या आठवड्यात पुण्याहून मावसभावाचा मेसेज आला. "ताई, तुम्ही तिथेच राहता म्हणजे तो रेल पास तुम्हाला स्वस्तात पडत असेल ना?" चार वर्षांत हा प्रश्न मला किमान दहा जणांनी विचारलाय. म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

तर, नाही मिळत. देशभर चालणारा जेआरचा, म्हणजे जपान रेल्वेचा, रेल पास थोड्या दिवसांसाठी आलेल्या पर्यटकांना असतो. आमच्या खिशात झायर्यू कार्ड, म्हणजे रहिवासी कार्ड. ते असलं की पासचं नाव काढायचं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० वर गेला तेव्हा पर्यटकांनी कपाळाला हात लावला. आम्ही निवांत. जे कधी आपलं नव्हतंच त्याचं काय दुःख करायचं?

पर्यटकाची सवलत मागायला जावं तर आपण इथले रहिवासी, आणि भाड्याचं घर शोधायला जावं तर आपण परदेशी. घराचं पुराण आत्ता नको, धागा भरकटेल.

आम्ही तिघं, नवरा, मी आणि सात वर्षांची लेक. राहतो निशी-कासाईला, टोकियोच्या पूर्वेला एदोगावा वॉर्डात. वायटूकेच्या, म्हणजे २००० सालच्या, सुमाराला आलेल्या भारतीय आयटीवाल्यांनी इथे बस्तान बसवलं, कारण तोझाई लाइनने ऑफिसं सरळ गाठता येतात. आता तूरडाळ, कढीपत्ता, पोह्यांचे तिन्ही प्रकार, सगळं चालत जाऊन आणता येतं. हा त्यातला सापळा आहे. आमचं पहिलं वर्ष आठवडाभर ऑफिस, शनिवारी कपडे आणि रविवारी डाळ-तांदूळ यातच गेलं. जपानात राहत होतो असं फक्त व्हिसावर लिहिलेलं होतं.

बाहेर काढलं ते कचऱ्याने. आमच्याकडे जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, बाटल्या-डबे-कागद यांचा वार वेगळा. दुसऱ्याच आठवड्यात गाडी येऊन गेली, सगळ्यांच्या पिशव्या गेल्या आणि माझी एकटी तिथेच, वर स्टिकर लावलेली. वर्गात अंगठे धरून उभं केल्यासारखी. तळमजल्यावरच्या आजी बाहेर आल्या. बोलल्या काहीच नाहीत. पिशवीतून एक पेट बाटली काढली, झाकण फिरवून वेगळं केलं, लेबलवर बारीक भोकांची एक रेष असते तिच्यात नख घातलं आणि शेवग्याच्या शेंगेची साल ओढावी तसं लेबल एका ओढीत सोललं. बाटली पायाखाली चेपली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. उरलेल्या अकरा बाटल्या मी त्यांच्यासमोर सोलल्या.

तेव्हापासून येता-जाता बोलणं सुरू झालं. त्यांचं जपानी हळू, माझं मोडकं. एकदा त्यांनी विचारलं, रविवारी कुठे जाता? मी म्हटलं, कुठेच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी पुढच्याच शनिवारी कामाकुराचं ठरवलं.

कामाकुरा फसलं. तासाभराचा प्रवास, म्हणून सात ठिकाणांची यादी करून गेलो होतो. चार उरकली. आज त्यातला उघड्यावर बसलेला बुद्ध तेवढा आठवतो, तोही लेकीने "याला पाऊस लागतो" म्हणून हट्टाने आपली छत्री वर धरली म्हणून. त्याच्यावरचं देऊळ पंधराव्या शतकात त्सुनामीत वाहून गेलं म्हणतात, ते परत बांधलंच नाही. बाकीची तीन कुठली ते फोटो बघून सांगावं लागेल.

मग नियम केला. एक शहर, एक रात्र आणि आधी ठरवलेली एकच गोष्ट. बाकी पाय नेतील तिकडे. गेल्या तीन वर्षांत अशी अठरा शहरं झाली. सगळ्यांबद्दल लिहीत नाही, एकाबद्दल लिहिते.

ओकायामा. मी सिंहगड रोडची. पु. ल. देशपांडे उद्यान आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, बाबा रोज सकाळी तिथे फेऱ्या मारतात. ते पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे आणि ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलंय, हे पुण्यात पाटी वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. मूळ बाग बघायची, ही माझी ठरवलेली एकच गोष्ट.

शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, गेलो असतो तर शनिवारची सकाळ गाडीतच गेली असती. म्हणून शुक्रवारी रात्री सनराइज पकडली. रोज धावणारी झोपायची गाडी म्हणून जपानात आता हीच एक उरलीय. टोकियोहून रात्री ९:५० ला सुटते, ओकायामाला सकाळी ६:२७ ला पोचते. तिकिटं महिनाभर आधी सकाळी १० वाजता खुली होतात आणि सुट्टीच्या तारखांची बघता बघता संपतात. आम्हाला "नोबीनोबी" मिळाली. नाव सीटचं, प्रत्यक्षात दोन मजली गालिचा घातलेली फळी. डोक्याशी अर्धी भिंत, पायांकडे सगळे एका ओळीत, लग्नघरात गच्चीवर झोपतात तसे. शेजारचे आजोबा योकोहामा यायच्या आत घोरू लागले. मी खिडकीला नाक लावून जागी. अतामी गेलं, मग काळा समुद्र, मग रिकामे फलाट.

ओकायामाला गाडी दोन तुकड्यांत तुटते. अर्धी ताकामात्सुला, अर्धी इझुमोला. ती तोडताना बघायला झोपेतून उठलेले लोक कॅमेरे घेऊन फलाटावर उभे होते, आंघोळीच्या आधीच्या केसांनी. आम्हीही.

कोराकुएन उन्हाळ्याच्या वेळापत्रकात सकाळी ७:३० ला उघडतं. सात पस्तीसला आम्ही आत होतो आणि आमच्याशिवाय फक्त माळी. इकेदा त्सुनामासा नावाच्या सरदाराने करवून घेतलेली ही बाग १७०० साली पुरी झाली. जपानी बाग म्हणजे शेवाळ, वाळू आणि शांतता असं डोक्यात असेल तर इथे चकायला होतं, कारण इथे हिरवळ आहे, भलीमोठी, मधून वाहणारं पाणी आहे आणि बागेच्या पोटात चक्क भातखाचर आणि चहाची झुडपं आहेत. एक लाकडी मंडप आहे, भिंती नसलेला, आणि पाण्याचा पाट त्याच्या मधोमध वाहतो, मध्ये दगड मांडलेले. आपण फळीवर बसायचं आणि पाणी आपल्या दोन रांगांमधून जातं. लेकीने लगेच पाय सोडले. मी मागे ओढले. माळ्याने बघून न बघितल्यासारखं केलं.

मला गंमत ही वाटली की मला ती नक्कल वाटत होती. तो वळण घेणारा ओढा, पलीकडची टेकडी, तिच्यावर चढणारी वाट. आधी अनुवाद वाचलेल्याला मूळ पुस्तक हातात आल्यावर वाटतं तसं. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात पहाटेचे सव्वाचार. त्यांनी डोळे चोळत बघितलं आणि म्हणाले, "आपल्याकडे या वळणावर बाक आहे."

नदीपलीकडे काळा किल्ला, त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळला, आताचा १९६६ चा काँक्रीटचा आहे. आत गेलो नाही, बाहेरून छान दिसतो. दुपारी लोकलने कुराशिकीला गेलो, सतरा-अठरा मिनिटं लागतात, कालव्याकाठची पांढरी गोदामं बघितली. गर्दी होती. परत आलो.

रात्री हॉटेलात मात्र एक झालं. काउंटरवरच्या मुलाने पासपोर्ट मागितला. नियम असा की जपानात ज्यांचा पत्ता नाही त्या परदेशी पाहुण्यांचा पासपोर्ट बघायचा. आमचा पत्ता जपानातलाच, पासपोर्ट घरी कपाटात. मी झायर्यू कार्ड दाखवलं, पत्त्यावर बोट ठेवलं. तो आत जाऊन आला, तीनदा वाकला आणि पुन्हा म्हणाला, पासपोर्ट. वीस मिनिटं गेली. आवाज कोणाचाच चढला नाही, त्याचाच जास्त त्रास होतो. शेवटी एक वयस्क बाई आल्या, कार्ड बघितलं, पत्ता वाचला, "एदोगावा! लांबून आलात" म्हणाल्या आणि किल्ली दिली.

आजींसाठी किबीदांगो आणले. कुठल्याही गावाहून येताना शेजाऱ्यांना खाऊ आणायचा, ही इथली रीत आपल्या पेढ्यांसारखीच. आता त्या शुक्रवारीच विचारतात, या वेळी कुठलं?

तुम्ही जपानात कुठेही असाल तर तुमची शहरं लिहा. पर्यटकांनीही विचारावं, पण "सात दिवसांत काय काय होईल" असं विचारल्यास उत्तर तुसडं येईल, आधीच सांगते.

---

शिळी_भाकरी
रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. बाकाचं वाक्य भारी.

---

दादर_पूर्व
रात्री १०:२२

मस्त लिहिलंय. आम्ही चौघं एप्रिलमध्ये येतोय. सात दिवसांत टोकियो, हाकोने, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा, जमल्यास कानाझावा असा बेत आहे. रेल पास घ्यावा का? (तुसडं चालेल.)

---

नागोयाचा_नाग
रात्री १०:४१

दादरकर, तुम्ही नकाशा बघून बेत केलाय की वेळापत्रक बघून? सात शहरं, सात दिवस, म्हणजे रोज सकाळी बॅग भरायची. निम्मी करा. टोकियो, क्योतो आणि एखादी हिरोशिमा इतकंच ठेवलंत तर सुटी तिकिटं आणि पास यांचा हिशोब स्वतः मांडून बघा, बहुतेक वेळा सुटी तिकिटं जिंकतात.

आता रहिवाशांसाठी, कारण मीही त्याच पंक्तीतला. नागोयात सहा वर्षं, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत.

पुरात्तो कोदामा लक्षात ठेवा. कोदामा म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी शिन्कान्सेन. तिचं सवलतीचं तिकीट आधी काढलं की बरेच पैसे वाचतात आणि वर एक पेय फुकट. टोकियो ते शिन-ओसाका सगळ्यात वेगवान नोझोमीने अडीच तास, कोदामाने जवळजवळ चार. गाडी स्टेशनात बाजूला उभी राहते आणि नोझोमी शेजारून अशी जाते की डबा हलतो. मला ते आवडतं. बायकोला नाही.

दुसरं, सेइशुन जूहाचीचं तिकीट. नावात अठरा असलं तरी वयाची अट नाही, पासपोर्ट कुठलाही चालतो, फक्त लोकल गाड्या. पूर्वी १२,०५० येनमध्ये मोसमातले कुठलेही पाच दिवस मिळायचे, पाच मित्रांनी मिळून एका दिवसात उडवलं तरी चाले. आमच्यासारख्यांचे अडीच शनिवार-रविवार त्यात बसायचे. २०२४ च्या हिवाळ्यापासून दिवस सलग केले, तीन दिवसांचं १०,००० आणि पाच दिवसांचं १२,०५०, तेही एकाच माणसाला. सलग पाच दिवस रजा मिळाली असती तर मी लोकलने कशाला फिरलो असतो?

माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी टोकियोला मित्राकडे गेलो होतो, परत येताना ठरवलं, लोकलने रमतगमत शिझुओका बघू. टोकियोत प्रवासाचं प्रीपेड कार्ड टेकवून आत गेलो. शिझुओकाला बाहेर पडताना फाटक धाडकन बंद. मला वाटलं पैसे संपले. पैसे भरपूर होते. भानगड अशी की या कार्डांचे विभाग आहेत, अतामीच्या अलीकडचा वेगळा आणि पलीकडचा वेगळा, आणि एका विभागात आत शिरून दुसऱ्यात बाहेर पडता येत नाही. मागे चाळीस माणसं, कोणी हुं की चूं केलं नाही, नुसते शेजारच्या फाटकाकडे सरकले. खिडकीवर रोख पैसे भरले आणि कार्डावरची नोंद मिटवून घेतली. लांब जाणार असाल तर कागदी तिकीट काढा.

आणि नागोयाला या. लोक आमच्या शहरावरून शिन्कान्सेनने नुसते निघून जातात. सकाळी कॉफी मागवली की त्याच पैशात टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं, त्याला इथे "मॉर्निंग" म्हणतात. टोस्टवर गोड लाल चवळीचं सारण लावून मिळतं. पुरणपोळी उलगडून पावावर थापावी तसं. नाकं मुरडू नका, लोण्याबरोबर लागतं छान.

---

उपासाचं_थालीपीठ
रात्री ११:१०

सगळं ठीक, पण खाता काय? मी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. यांच्या बदलीचं घाटतंय, बहुधा योकोहामा. मला आत्तापासून धडकी भरलीय.

---

मुठाकाठ
रात्री ११:२८

थालीपीठताई, घरी काहीच अडत नाही, अडतं ते बाहेर. आणि बाहेरची खरी अडचण दाशी, म्हणजे पदार्थांत घालायचं अर्काचं पाणी. मिसो सूप, उदोन, साध्या उकडलेल्या पालकातही माशाचा अर्क असतो आणि त्याला इथे कोणी "मासा" म्हणत नाही. मी पहिल्यांदा "निकु नाशी", मांस नको, असं पाठ करून गेले. समोर आलेल्या टोफूवर गुलाबी कागदाचे कपटे ठेवलेले, आणि ते वाफेने हलत होते. जिवंत आहेत की काय असं वाटून मी खुर्ची मागे सरकवली. वाळवलेल्या माशाचे कीस ते. म्हणून "दाशी मो दामे देस्", दाशीही चालत नाही, हे वाक्य पाठ करा.

प्रवासात मी खारवलेल्या उमे फळाचा भातगोळा, भाजलेलं रताळं, केळी आणि डब्यात दशम्या-चटणी यावर निभावते. आणि डबा खाल्ल्यावर कचरा पिशवीत घालून घरी आणायचा. रस्त्यावर कुंड्या नाहीत. १९९५ च्या टोकियो मेट्रोतल्या सारीन वायूच्या हल्ल्यानंतर बऱ्याच काढल्या गेल्या. एकदा केळीची सालं दोन दिवस पाठीवर घेऊन फिरलेय.

---

कोबेवाली
सोमवार, सकाळी ७:१५

थालीपीठ, घाबरू नका. तुमच्यासाठी एक अख्खा डोंगर आहे, त्याचं नाव कोयासान. जरा सविस्तर लिहिते.

मी कोबेत अकरा वर्षं आहे. आमच्या कितानो भागात १९८५ सालचं जैन मंदिर आहे, मोत्यांच्या व्यापाऱ्यांची जुनी वस्ती. १९२३ च्या भूकंपानंतर योकोहामाचे बरेच भारतीय व्यापारी इकडे सरकले, त्यामुळे इथे "कांदा-लसूण नको" हे वाक्य काही दुकानांत तरी समजतं. पण कोयासानची बात वेगळी.

ओसाकाच्या नाम्बाहून नानकाईची गाडी गोकुराकुबाशीपर्यंत जाते. शेवटचा टप्पा नुसती वळणं आणि बोगदे. तिथून पाच मिनिटांची केबल कार, मग बस. आठशे मीटरवर देवळांचं गाव. नवव्या शतकात कुकाई, म्हणजे कोबो दाइशी, या भिक्षूने वसवलेलं. देवळांतच राहायची सोय असते आणि जेवण भिक्षूंचं. मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. दाशी कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची, आणि वाळवलेल्या मशरूमची. तिळाचा टोफू येतो, थुलथुलीत, जरासा आपल्या खरवसाच्या जातीचा. अशा ठिकाणी लाल ताटांसमोर मांडी घालून बसल्यावर मी अकरा वर्षांत पहिल्यांदा काहीही न विचारता जेवले.

गेल्या वर्षी नागपूरहून धाकटे दीर आणि जाऊ आले होते. जाऊ दरवर्षी दीक्षाभूमीला जाते. टोकियो, क्योतो काही म्हणाली नाही, "कोयासानला बाबासाहेबांचा पुतळा आहे, तो बघायचा" इतकंच म्हणाली. मला माहीतच नव्हतं! कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री फडणवीसांच्या हस्ते अनावरण झालेलं. मी तोवर तीनदा जाऊन आले होते आणि शेजारच्या रस्त्याने चालत गेले होते. जावेने पिशवीतून घरून आणलेली मेणबत्ती काढली, वाऱ्यात ती काही केल्या टिकेना, तर दीर आणि मी दोन्ही बाजूंनी जॅकेट धरून उभे राहिलो. विद्यापीठातला एक विद्यार्थी सायकल थांबवून बघत होता. त्यानेही येऊन हात जोडले.

नंतर ओकुनोइनला गेलो, दोन लाखांहून जास्त समाध्यांचं स्मशान, उंच उंच देवदारासारख्या झाडांखाली. तिथल्या दगडांवर अक्षरं कोरलेली असतात, ती चिनी नाहीत. सिद्धम् लिपी, आपल्या देवनागरीची जुनी नातलग. पाच दगड एकावर एक रचलेले, वरून खाली ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. दिरांनी शेवाळ बोटाने बाजूला करून "हा र आहे का?" विचारलं, आणि होता.

आता तक्रारीचं. मार्च २०२६ पासून हिमेजीचा किल्ला शहराबाहेरच्यांना २,५०० येन आहे, हिमेजीकरांना १,०००. सुरुवातीला परदेशी लोकांना वेगळा दर लावायचा विचार बोलून दाखवला गेला होता. शेवटी रेघ मारली ती शहरातला आणि शहराबाहेरचा अशी. मला हे बरं वाटलं. शेजारचा कोबेचा जपानी माणूसही माझ्याइतकेच पैसे भरतो. पांढरा बगळा, म्हणजे हाच किल्ला, तसाही बाहेरून, स्टेशनासमोरच्या सरळ रस्त्यावरून सगळ्यात सुंदर दिसतो, आणि ते फुकट आहे.

---

दादर_पूर्व
सकाळी ८:०२

ठीक आहे, हाकोने, नारा, ओसाका आणि कानाझावा काढलं. क्योतोला कुठे राहावं? हॉटेलांचे दर बघून पाणी प्यायलो.

---

कोबेवाली
सकाळी ८:३०

शाब्बास. पण नारा परत घाला, क्योतोहून तासाभराच्या आत होतं. राहायला ओत्सु बघा, बिवा तलावाकाठी. क्योतो स्टेशनापासून जेआरने दहा मिनिटं. क्योतोने मुक्कामाचा कर मार्च २०२६ पासून वाढवलाय, भारीतल्या खोल्यांना रात्री माणशी १०,००० येनपर्यंत. बसचा जुना एक दिवसाचा पासही बंद झाला, आता मेट्रो-बस एकत्र १,१०० चा घ्यायचा. आणि क्योतोत बसपेक्षा मेट्रो आणि पाय. बसमध्ये अर्धा दिवस लोकांच्या बॅगांना टेकून जातो.

---

वाकड्या_शेपटीचा
सकाळी ९:४०

सगळं गोड गोड चाललंय. मी साडेपाच वर्षं राहून परत आलो, आता हिंजवडीत आहे. लोकलमध्ये शेजारची सीट रिकामी राहायची, डबा भरला तरी. घर शोधताना एजंट फोनवर मालकाला हळूच विचारायचा, "परदेशी आहेत, चालतील का?" आणि माझ्यासमोरच "अच्छा, चालत नाहीत" म्हणून फोन ठेवायचा. चौदा घरं. शहरं सुंदर आहेत, मान्य. पण तुम्ही त्या शहरांचे पाहुणेच राहता, आणि पाहुण्याची सवलतही मिळत नाही. धागाकर्तीने घराचं पुराण टाळलं म्हणून मी लिहिलं.

---

पीएचडीग्रस्त
दुपारी १२:५५

शेपटीराव, घराबद्दल शंभर टक्के अनुमोदन. माझी अकरा घरं, सेंदाईत. गॅरंटर कंपनी, रेइकिन म्हणजे मालकाला कायमचे द्यायचे "आभाराचे" पैसे, आणि वर नकार. त्यात गोड मानण्यासारखं काही नाही.

सीटबद्दल मात्र माझा अनुभव बदलला. पहिली दोन वर्षं मी मोजायचो, आज किती स्टेशनं रिकामी राहिली. वहीत नोंद, संशोधक ना शेवटी. मग जपानी जरा यायला लागलं आणि मी गाडीत जाहिराती वाचायला लागलो. मोजायचं राहून गेलं. सीट अजूनही रिकामी राहत असेल. माहीत नाही.

भाषेला लोक उगाच घाबरतात, निदान मराठी माणसाने तरी घाबरू नये. वाक्यात क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामानंतर. मुळाक्षरांचा क्रम का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा. क, च, त, न, प, म, य, र, व यावर कान ठेवा, आपलीच बाराखडी परदेशातून आल्यासारखी वाटेल. तो क्रम संस्कृतच्या अभ्यासातूनच भिक्षूंनी नेलाय. कांजीचं, म्हणजे चिनी अक्षरांचं, मी काही बोलत नाही, ते भोगायचं.

सेंदाईला आलात तर झुंदा मोची खा. हिरव्या सोयाबीनचं सारण, पुदिन्याच्या चटणीसारखं दिसतं आणि गोड लागतं. टोकियोहून शिन्कान्सेनने दीड तास.

---

मुठाकाठ
दुपारी १:२०

शेपटीराव, पुराण टाळलं कारण माझं नऊ घरांवर भागलं आणि तुमच्यापुढे ते किरकोळ आहे. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मला "पाहुणे" मात्र पटत नाही. पाहुण्याला कोणी बाटल्या सोलायला लावत नाही.

---

मोदक_तळणीचा
सायंकाळी ६:४५

विषय निघालाच आहे आणि गणपती तोंडावर आलेत म्हणून.

टोकियोत आसाकुसाला सगळे तो लाल कंदील बघून परत फिरतात. तिथून पंधरा मिनिटं चालत सुमिदा नदीकाठी गेलात की एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. देव कांगितेन. म्हणजे आपले गणपतीबाप्पा, शिंगोन-तेंदाई या बौद्ध पंथांतून फिरून इथे पोचलेले. मूर्ती कोणाला दाखवत नाहीत, सदैव पडद्याआड. नैवेद्य मुळ्याचा. हो, मुळा. देवळातच मुळे विकायला असतात, पांढरेशुभ्र, पानांसकट. लोक तो छातीशी धरून आत नेतात आणि वेदीवर ठेवतात. भिंतींवर, पायऱ्यांवर जिकडेतिकडे दोन मुळ्यांची जोडी आणि पैशाची थैली कोरलेली. माझी आई गेल्या वर्षी आली होती. तिने मुळा ठेवला, हात जोडले आणि मला हळूच म्हणाली, "मुळ्याचं चालतं, तर यांना मोदक कोणी सांगितलेच नाहीत का?"

सांगितले होते. क्योतोत गिओनजवळ १६१७ सालचं एक मिठाईचं दुकान आहे, कामेया कियोनागा. तिथे "कांकिदान" मिळतो. मोदकाचाच वंशज, हजाराहून जास्त वर्षांपूर्वी बौद्ध धर्माबरोबर आलेला. आकार बटव्यासारखा, वर पाकळ्या चिमटीत धरून बांधलेल्या. तिळाच्या तेलात तळलेला. आत नारळ-गूळ नाही, लाल चवळीचं पुरण, आणि त्यात सुगंधी मसाले. मी दोन घेऊन आलो आणि सांगितल्याप्रमाणे टोस्टरमध्ये जरा गरम केला. कवच इतकं टणक की आईने खलबत्ता मागितला. फुटल्यावर पहिला वास देवघराचा, म्हणजे शब्दशः उदबत्तीचा, आणि मग गोड. आईने अर्धा खाल्ला, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तळणीचेच आहेत. पण कोणीतरी पूजेच्या खोलीत तळलेत."

उरलेला अर्धा तिने कागदात गुंडाळून कोथरूडला नेला, शेजारणींना दाखवायला.

---

उपासाचं_थालीपीठ
रात्री ९:०५

हे वाचून धडकी बरीच कमी झाली. यांना सांगितलं, योकोहामा चालेल. मोदक कोथरूडला पोचला का अखंड?

---

मोदक_तळणीचा
रात्री ९:३०

अर्धा होता, अर्धाच पोचला. कवचाला टवकाही नाही.

---

शिळी_भाकरी
रात्री ९:४८

मुठाकाठ, एक शंका. त्या नोबीनोबीत अंथरूण-पांघरूण देतात का? डिसेंबरात आईबाबांना न्यायचं मनात आहे. बाबांची पाठ सत्तर वर्षांची आहे.

---

मुठाकाठ
रात्री १०:१०

बाबांसाठी खोलीचं तिकीट बघा. त्यात गादी असते, जरा महाग पडतं पण पाठ वाचेल. नोबीनोबीत खाली नुसता गालिचा. एक पातळ पांघरूण आणि उशीचा अभ्रा ठेवलेला असतो, छान घडी घालून.

उशी नसते. फक्त अभ्रा. मी त्यात लेकीचा स्वेटर भरला होता.